बुरुजातल्या लेकीचं माहेर

आमच्या आत्याला गेल्या वर्षीच्या येळवशीच्या सणाला, सूर्य कासराभर वर आला असताना, गडाच्या पहिल्या दारातून माघारी पाठवलं. तिच्या डोक्यावर आंबिलाची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, होती. भज्जी-उंड्यांची टोपली घेऊन मी मागे होते. दाराला नवं कोरं कुलूप होतं. अन्याय तिच्यावर झाला. तिच्या कितीतरी आधी तो आणखी एकीवर झाला. तो कधी झाला ते मला सांगता येत नाही, कारण तिची तारीख कुणी ठेवली नाही. गडाच्या मालकांनी आपल्या सगळ्या पिढ्यांची नावं नीट जपून ठेवली, हिचं एक नाव तेवढं जपायचं राहून गेलं. म्हणून मीही इथं कुणाचं नाव लिहीत नाही, गावाचं नाही की गडाचं नाही. तिला नाव नाही, तर बाकीच्यांना कशाला?

आमची जातही लिहीत नाही. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं आहेत, एवढं सांगितलं की तुम्हाला कळतं. कळलंच असेल.

गड चिटगुप्प्याकडून आत आलं की लांबून दिसतो. लाल जांभ्याची टेकडी आणि त्याच दगडाचा तट, त्यामुळं टेकडी कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते ते जवळ गेल्याशिवाय समजत नाही. शाळेत असताना सहलीला मास्तर आम्हाला आमच्याच गडावर घेऊन जायचे, कारण एसटीला खर्च नको. तिथं उभं करून सांगायचे: बहमनी काळात पहिला तट झाला, घोडदळाच्या एका सरदाराला हा मुलूख लावून दिला होता, त्याच्या वंशजांनी पुढं बरीदांच्या वेळी, मग मोगलांच्या वेळी, मग निजामाच्या वेळी गड सांभाळला. गड कधीच कुणी जिंकला नाही. आम्ही टाळ्या वाजवायचो. पुढं कॉलेजात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की दर वेळी राज्य बदललं की मालकांनी पागोटं बदललं आणि किल्ल्या नव्या राजाच्या पुढं ठेवल्या. लढलंच नाही कुणी, तर हरणार कशाला? शेवटी पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, जमीन पुष्कळशी गेली, पण टेकडी राहिली. पुढं मी कॉलेजात असताना मालक हैदराबादला राहायला गेले. गावात त्यांना अजून ‘गडवाले’ म्हणतात. आमच्या बाजूची म्हातारी माणसं ‘धनी’ म्हणतात. ते ऐकलं की मला अजूनही त्रास होतो, पण आता मी टोकत नाही. थकले.

मास्तरांनी जे सांगितलं नाही ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तरेकडचा मोठा बुरूज बांधताना ढासळायचा. उभा केला की ढासळायचा. मग कुणीतरी सांगितलं की पायात जिवंत माणूस द्या, दोन जीव दिले तर उत्तम. दगड वाहणाऱ्या एका माणसाची बायको पोटुशी होती. तिला हळदीकुंकू लावून, नवी साडी नेसवून, बुरुजाच्या पायात बसवली आणि वर बांधकाम केलं. बुरूज उभा राहिला तो आजतागायत. ती आमच्या घराण्याची लेक. तिला स्वतःचं लेकरू झालं नाही, व्हायच्या आत तिच्याबरोबर गेलं. आम्ही तिच्या भावाचा वंश.

गडवाले तिला ‘गडाची सून’ म्हणत. आम्ही ‘लेक’ म्हणतो. सगळं भांडण इथंच आहे, आणि ते समजण्यासाठी येळवस म्हणजे काय हे माहीत पाहिजे. आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात गावं ओस पडतात. सगळे आपापल्या शेतात जातात. ज्वारी उभी असते, तिच्या कडेला कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, त्यांना ज्वारीचं आंबील, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर दाखवतात, आणि मग येईल त्याला पोट फुटेस्तोवर वाढतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा म्हणून जातो. आम्हाला शेत नव्हतं. पण आमचं घर पाहुणं म्हणून कुठं गेलं नाही. आमचे पाच दगड त्या बुरुजाच्या पायथ्याशी. लहानपणी मी आत्याला विचारलं होतं, "आपलं शेत कुठं हाय गं?" तर तिनं बुरुजाकडं हात केला. मला ते खरंच वाटलं. वर्गात मी सांगितलंही, आमच्या शेतात दगड पिकतात म्हणून. पोरं हसली.

बिंदगी न्यायची ती घरच्या लेकीनं. सुनेनं नाही. कारण लेकीकडं माहेराहून जायचं असतं. आत्या लग्न होऊन निर्ण्याला गेली होती तेव्हाही येळवशीच्या आदल्या दिवशी माहेरी यायची. नवरा वारल्यावर कायमची आली. तिच्या आधी तिची आत्या नेत होती. तिच्यानंतर मी. हे कुणी मला विचारून ठरवलेलं नाही, पण ठरलेलं आहे.

आम्ही बुरुजाशी बसलो की वरच्या खिडकीतून गडवाल्यांच्या घरची बाई एक साडी खाली सोडायची. हातात द्यायची नाही, दोरीला बांधून सोडायची. आत्या ती साडी बुरुजाच्या दगडाला लावून मग घ्यायची. मला त्या दोरीचा लहानपणापासून राग. मी बारावीत असताना एकदा म्हणाले, "कामून घ्यायलीस? फेकून दे की त्यांच्या तोंडावर."

आत्या म्हणाली, "ती माझी न्हाई. लेकीची हाय. तिच्या सासरची साडी फेकणारी मी कोण?"

मालक हैदराबादला गेल्यावरही एक कारभारी साडी आणून द्यायचा. मग कारभारी वारला आणि साडी बंद झाली. आत्यानं एका शब्दानं विचारलं नाही. आंबील मात्र एक वर्ष चुकलं नाही.

आता गेल्या वर्षीचं. सध्याचा वारस पन्नाशीचा माणूस आहे. त्यानं गडाच्या आतल्या महालाला रंग दिला, खोल्या केल्या, पाहुणे मुक्कामाला येऊ लागले. गावातल्या दहा-बारा जणांना काम मिळालं, हेही लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितेय. पहिल्या दारावर जो राखणदार आहे तो आमच्याच गावचा, आत्याला अक्का म्हणणारा. त्या सकाळी त्याच्या अंगावर निळा गणवेश होता आणि चेहऱ्यावर सुतक होतं.

"अक्का, आज सोडता येत न्हाई. वरून फोन हाय," तो म्हणाला.

"वरून म्हंजे? वर कोण हाय आज?"

"हैदराबादहून."

"हैदराबाद कवापासून वर झालं रे?"

तो हसला, मग गणवेशाची गुंडी चाचपू लागला. "माझी नौकरी जाईल, अक्का. पाहुणे येयलेत. बुरुजाकडं काम चालू हाय, दगड पडला अंगावर तर कोण जबाबदार?"

"त्या बुरुजाचा दगड माझ्या अंगावर न्हाई पडायचा," आत्या म्हणाली. "तुझी माय दरसाली या बिंदगीतलं आंबील पेयाला येते. जा, इचार तिला, कुणाच्या लेकीचं हाय ते."

"ती शेतात गेली."

"व्हय. सगळं गावच शेतात गेलंय. म्हणून तर तुला कुलूप लावता आलं."

मी दोन शब्द जास्त बोलले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. आत्या म्हणाली, "त्याला कामून बोलायलीस? किल्ली त्याच्याकडं हाय का?" मग आम्ही उतरलो. तशी टेकडी मोठी नाही, पण भरलेली बिंदगी घेऊन उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं. मान ताठ ठेवावी लागते आणि पायाखालचं दिसत नाही. पहिल्यांदाच मी ती बिंदगी भरलेली खाली येताना बघितली. घरी आल्यावर माझ्या धाकट्या भावजयीनं वाढायला घेतलं तर आत्यानं हात धरला. लेकीला दाखवलेलं नव्हतं. ते आंबील संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात राहिलं आणि मग ओढ्याला सोडलं. आत्या त्या दिवशी जेवली नाही. एवढंच म्हणाली, "सासरच्यांनी माहेर तोडलं."

मला बोलायचं शिक्षण पत्रकांनी दिलं. वसतिगृहाच्या पाण्यापासून मजुरीच्या कामापर्यंत मी पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींना चिकटवली. तेव्हा मी तेच केलं. माझा एक मित्र आहे, चिटगुप्प्यात त्याच्या अप्पांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, घर बसवण्णांना मानणारं. तो कन्नड बाजू लिहितो, मी मराठी बाजू लिहिते. मथळा होता: माहेरचं दार उघडा. खाली मागण्या. बुरुजाकडची वाट खुली करा. बंद केलेली साडीची परंपरा सुरू करा. गडावर नवा फलक लागणार आहे, त्यावर तिचा उल्लेख करा. साडीची मागणी मित्रानं घालायला लावली. तो म्हणाला, "हक्क म्हटलं की सरकारी माणूस कागद मागतो. परंपरा म्हटलं की खुर्ची देतो." त्यात खोटं काही नव्हतं.

दुबलगुंडीच्या बाजारात वाटली, निर्ण्याला वाटली. लोकांनी घेतली. भजीवाल्यानं गठ्ठाच मागितला, कागद चांगला आहे म्हणाला. एका निवृत्त मास्तरांनी वाचून परत दिलं. "पोरी, ही गोष्ट प्रत्येक गडाची सांगतात. इतिहास नव्हे हा." मी म्हणाले, "मग प्रत्येक गडात एक बाई असेल, सर." ते पुढं गेले. मी तहसील कचेरीत गेले, तिथं म्हणाले मालमत्ता खासगी आहे, मालकांशी बोला. मालकांच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला कचेरीचा कागद आणा. उन्हाळा गेला, पाऊस गेला. सभेला पहिल्यांदा चौक भरला होता, दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा मी, मित्र आणि सतरंजी. मित्र म्हणाला, "सतरंजी तरी उठून गेली नाही, आभार मान."

मग अचानक निरोप आला, या भेटायला.

वारस गडावरच भेटला. माणूस वाईट नाही. मी वाईट माणूस भेटेल म्हणून तयारी करून गेले होते, त्यानं स्वतः चहा ओतून दिला.

"बैठो, बैठो बेटा. पत्रक वाचलं मी. जबान फार तिखट आहे तुझी."

"आज ती गोड बोलायचं ठरवून आलीय, सर," मित्र म्हणाला.

"हमारे घर में तिला गडाची सून म्हणतात. माझी आई दिवा लावायची तिच्या नावानं. आणखी काय मान पाहिजे?"

"कुठल्या नावानं?" मी विचारलं.

त्यानं माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, "पुराना किस्सा आहे. पुरावा असेल तर द्या, मी फलकावर घालतो."

"बुरूज फोडा. पुरावा आत आहे."

तो रागावला नाही. खिडकीपाशी जाऊन आला. मग म्हणाला, "ठीक आहे. साडी देतो, मी स्वतः देतो, दोरीनं नाही, हातात. फलकावर ओळही घालतो. बुरुजाकडचं दार बघू, इंजिनिअरला विचारावं लागेल." आम्ही उठलो तेव्हा मित्रानं जिन्यात माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही वाटलं की जिंकलो. घरी जाऊन आत्याला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "दार?" मी म्हणाले, "तेही होईल."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कार्यक्रम ठेवला. येळवशीला नाही, रविवारी, कारण पाहुणे रविवारी असतात. आत्याला सांगितलं होतं की बिंदगी घेऊन या. "येळवस न्हाई अन् बिंदगी कशाला?" ती म्हणाली. रिकामी नेऊ का म्हणाली. शेवटी नेलीच नाही. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, एक शहनाई वाजवणारा आणला होता. फलकावरचा पडदा ओढला. वारसानं आत्याला दोन्ही हातांनी साडी दिली, वाकून. चांगली इरकल होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर केले. एका पाहुणीनं आत्याला पुन्हा एकदा साडी घेताना हसायला सांगितलं. आत्याला कळलं नाही, ती माझ्याकडं बघत होती.

"काय लिव्हलंय त्याच्यावर?" तिनं फलक दाखवला. फलक कन्नडमध्ये होता; आत्या कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलते, वाचता येत नाही.

वरती गडवाल्यांच्या पिढ्या होत्या, नावांसकट. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात ती ओळ होती. मी वाचली. एका निष्ठावान सेविकेनं गडाच्या रक्षणासाठी आपल्या खुशीनं प्राण दिले, त्यांचं स्मरण.

"परत वाच."

मी परत वाचली.

"खुशीनं?" ती म्हणाली.

आत्या वारसापाशी गेली. आवाज चढवला नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालासुद्धा नीट ऐकू गेलं नसेल, मी मागे होते म्हणून मला आलं.

"धनी, पोटात लेकरू असताना कोण खुशीनं भिंतीत बसतंय?"

"अक्का, ते लिहिण्याची एक पद्धत असते—"

"तुमची माय खिडकीतून साडी सोडायची तवा काही लिव्हलेलं नव्हतं. म्हणून मी घेत व्हते."

तिनं साडी त्याच्या खुर्चीवर ठेवली. फेकली नाही, घडी न मोडता ठेवली. मग विचारलं, "बुरुजाकडं जाऊ का? पाच मिनटं." तो खाली बघून म्हणाला की दुरुस्ती पुरी झाल्याशिवाय नाही, जोखीम आहे. तो खरंच लाजला होता असं मला वाटलं. पण किल्ली त्याच्या खिशात होती आणि तिथंच राहिली. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी परत टाळ्या वाजवल्या.

उतरताना मित्र म्हणाला, "उद्या नवीन पत्रक काढू." मी हो म्हणाले नाही. मला माहीत होतं त्यात काय लिहायचं ते, मथळासुद्धा सुचला होता. पण दोन मागण्या मान्य झाल्या होत्या आणि आत्या आधीपेक्षा लांब गेली होती बुरुजापासून. हे पत्रकात कसं बसवायचं?

तेव्हापासून आत्या गुडघ्याला तेल चोळत बसते. ती गडाविषयी बोलत नाही. परवा मी शेंगा सोलत तिच्याजवळ बसले होते तर म्हणाली, "बिंदगीला चुन्याचे पट्टे वढायचेत. तू वढतीस का? माझा हात हलायलाय."

"कशाला? दार बंद हाय."

"दारात बसू. दार उघडलं तर वर, न्हाई तर दारात. भाऊबंद आले न्हाईत असं तिला वाटू नये."

"अन् पुढच्या साली?"

"पुढच्या साली तू हायस की."

मी पट्टे ओढले. वाकडे आले. तिनं बिंदगी तशीच वाळायला ठेवली.

म्हणून हे लिहिलं. पत्रक नाही हे, आणि सही मागत नाही, वर्गणी मागत नाही. वारसाला पत्र लिहू नका, तो चांगलं उत्तर देईल. तुम्ही या भागातले असाल, तर या येळवशीला आपापल्या शेतात जायच्या आधी गडाच्या पहिल्या दाराशी या. मला माहीत आहे त्या सकाळी किती घाई असते, भाज्या चिरायच्या असतात, बैलगाडी नाहीतर टेंपो थांबलेला असतो, पोरं ओरडत असतात. तरी या. गेल्या वर्षी तिथं कुणी नव्हतं म्हणून ते कुलूप लागलं. आत्या डोक्यावर बिंदगी घेऊन येईल, सूर्य कासराभर वर आला की. मोबाइल खिशात ठेवा. टाळ्या वाजवू नका. राखणदाराला शिव्या देऊ नका, त्याची मायही येणार आहे. नुसतं तिच्या मागं उभं राहा, आणि दार उघडेपर्यंत शेतात जाऊ नका.